लठ्ठपणाचा ताळेबंद: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशीचे माननीय अर्थमंत्री आणि त्यांचे सचिव यांस,

हे पत्र चुकून आपल्याकडे आलेले नाही. लठ्ठपणाबद्दल बोलण्याचे काम आपण आरोग्य खात्याकडे सोपवले आहे, हे मला ठाऊक आहे. पण गोड पेयांवर कर किती लावायचा, जाहिरातींच्या खर्चाला करातून वजावट द्यायची की नाही, शाळेतल्या जेवणासाठी एका मुलामागे किती पैसे ठेवायचे, महागडे औषध सरकारने कोणत्या भावाने घ्यायचे आणि कोणाला द्यायचे, यातला एकही निर्णय आरोग्य खाते एकट्याने घेऊ शकत नाही. ते सगळे आपल्या टेबलावर होतात. आरोग्य खात्याच्या हाती उरतात ती पोस्टर, जागृती सप्ताह आणि जिने चढण्याचा सल्ला.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे आणि शरीराने लठ्ठ आहे. शाळेत होते तेव्हापासून. व्यवसायामुळे अहवाल तळटीपांसकट वाचायची सवय लागली आणि शरीरामुळे त्या अहवालांत मी स्वतःच खर्चाच्या बाजूला मांडलेली सापडते. ‘लठ्ठपणाचा आर्थिक बोजा’ हे शब्द आता इतके रुळले आहेत की तो बोजा म्हणजे चालतीबोलती, कर भरणारी माणसे आहेत याचा लिहिणाऱ्यांना विसर पडतो. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझे आयुष्य गेले. माझ्या नावावर मांडलेला हिशेब तपासायचाही मला हक्क आहे, असे मी समजते.

पत्र आत्ताच का, तर सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने एक आकडा जाहीर केला. ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के, कमी वजनाच्या मुलांचे ९.२ टक्के. जगाच्या पातळीवर लठ्ठपणाने पहिल्यांदाच कमी वजनाला मागे टाकले. उपासमारीशी झुंजण्यासाठी उभ्या केलेल्या सगळ्या यंत्रणांना विचारात पाडेल असा हा क्षण होता. त्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया मी वाचल्या. पालकांनी लक्ष द्यावे, मुलांनी मैदानावर जावे, कुटुंबांनी योग्य निवड करावी. ज्यांच्या हातात भाव आणि कर आहेत, त्यांनी काय करावे हे सांगायला मात्र फारसे कोणी पुढे आले नाही. म्हणून हे धाडस.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्या खात्यातल्या चर्चांमध्ये ती गृहीत धरली जाते आणि मग विसरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे १९९० ते २०२२ या काळात प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून अधिक झाला, मुलांमधला चौपट. २०२२ साली जगात दर आठ माणसांमागे एक माणूस लठ्ठ होता; नुसत्या प्रौढांची संख्या ८९ कोटी. तीस वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत. आणि इतक्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या धर्मांत, श्रीमंत आणि गरीब घरांत सगळ्यांचा मनोनिग्रह एकाच सुमारास ढिला पडला असे म्हणायचे असेल, तर असे म्हणणाऱ्यानेच त्याचे कारण द्यावे.

कारणे शोधली गेली आहेत, आणि ती शोधणाऱ्यांत आपल्याच शास्त्रातले लोक आहेत. डेव्हिड कटलर, एडवर्ड ग्लेझर आणि जेसी शपिरो या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये अमेरिकेबद्दल मांडले की अन्न नुसते पैशाने स्वस्त झालेले नाही, ते वेळेने स्वस्त झाले आहे. जे घरी करायला तास लागायचा, ते कारखान्यात तयार होऊन, टिकाऊ होऊन, पाकीट फोडण्याच्या अंतरावर आले. ज्या गोष्टीला पूर्वी कष्ट पडत होते म्हणून ती क्वचित होत होती, ती रोजची झाली. डॅरियस लकडावाला आणि टॉमस फिलिपसन यांनी दुसरी बाजू दाखवली. पूर्वी काम करताना शरीर झिजत होते आणि त्याचे पैसे मिळत होते. आता खुर्चीवर बसून पैसे मिळतात, आणि शरीर हलवायचे तर त्यासाठी स्वतःचा वेळ आणि पैसा मोजावा लागतो. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने वीस माणसांना अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मुक्कामाला ठेवून दोन प्रकारचा आहार दोन-दोन आठवडे दिला. ताटात मांडलेले उष्मांक, साखर, मीठ, चोथा सारखेच होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेले अन्न समोर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत त्यांचा मनोनिग्रह बदलला नव्हता, फक्त ताट बदलले होते.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आपल्या खर्चाच्या आकड्यांबद्दल आहे. मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना असलेल्या ओईसीडीने २०१९ मध्ये म्हटले की अतिरिक्त वजनामुळे सदस्य देशांचे सकल उत्पन्न सरासरी ३.३ टक्क्यांनी घटते आणि आरोग्यावरच्या खर्चातला ८.४ टक्के वाटा अशा आजारांवर जातो. या प्रकारचे आकडे आपल्या भाषणांमध्ये फार सहज येतात. त्यांच्या आत काय आहे ते पाहू. अमेरिकेबद्दलचा २००९ मधला एक गाजलेला अंदाज २००८ सालचा वैद्यकीय खर्च १४७ अब्ज डॉलर धरतो, म्हणजे एकूण वैद्यकीय खर्चाच्या साधारण दहावा हिस्सा. जॉन कॉली आणि चॅड मेयरहोफर यांनी २०१२ मध्ये वेगळी पद्धत वापरून काढलेला अंदाज २०.६ टक्के. एकच देश, जवळपास तोच काळ, आणि आकडा दुप्पट. पद्धतीतला फरक प्रामाणिक आहे: पहिल्यात माणसांनी स्वतः सांगितलेले वजन आणि त्यांचा खर्च यांची सरळ तुलना केली आहे, दुसऱ्यात रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीच्या वजनाचा आधार घेऊन कार्यकारणभाव वेगळा काढायचा प्रयत्न आहे. मला दुसरी पद्धत अधिक पटते, म्हणजे आपल्या सोयीचा, मोठा आकडाच पटतो. पण एवढे अंतर असताना एकच आकडा उचलून तो निर्विवाद असल्यासारखा वाचून दाखवायचा, असा ताळेबंद माझ्याकडे आला असता तर मी त्यावर सही केली नसती.

त्याहून मोठा प्रश्न असा की हे आकडे एका वर्षाचे आहेत. माणूस एक वर्ष जगत नाही. नेदरलँड्समध्ये पीटर व्हान बाल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये विसाव्या वर्षापासून मृत्यूपर्यंतचा आरोग्यखर्च मांडून पाहिला. निरोगी, सडपातळ माणसावर सुमारे २,८१,००० युरो. लठ्ठ माणसावर २,५०,०००. धूम्रपान करणाऱ्यावर २,२०,०००. कारण उघड आहे. आम्ही लवकर मरतो. जो जास्त जगतो त्याला म्हातारपणी येणारे महागडे आजार होतात, आणि तो बराच काळ सरकारच्या खर्चात राहतो. या हिशेबात निवृत्तिवेतन धरलेलेच नाही. ते धरले तर आमच्यामुळे होणारी आपली बचत आणखी फुगेल.

ही मांडणी मी आनंदाने करत नाही. पण ‘सरकारी पैसा वाचवण्यासाठी लठ्ठपणा कमी करायला हवा’ हे वाक्य आपण उच्चारता तेव्हा त्याच्या शेवटापर्यंत जायची तयारी ठेवायला हवी. शेवटापर्यंत गेलात तर ते आपल्याला सांगेल की लोकांना सिगारेटी फुकट वाटा. हे कोणताही अर्थमंत्री सांगणार नाही, कारण आरोग्य हे बचतीसाठी नसते, जगण्यासाठी असते, हे आपल्यालाही माहीत आहे. मग तेच कारण द्या. माझे गुडघे दुखू नयेत, माझ्या भाचीला तिशीत मधुमेह होऊ नये, यासाठी सरकारने पैसे खर्च करणे योग्य आहे. त्यातून तिजोरीत काही परत आले नाही तरी योग्य आहे. आपण पूल बांधतो तेव्हा तो पुरात वाहून गेलेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनाशी तोलून पाहत नाही.

आणि ‘एकाच्या वजनाचा भार दुसऱ्यांनी का सोसायचा’ हा प्रश्न? करातून चालणाऱ्या आरोग्यसेवेत त्यात काही तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण ओईसीडीच्या त्या ३.३ टक्क्यांमध्ये मोठा वाटा चुकलेल्या कामाचा, कमी झालेल्या रोजगाराचा आहे. तो पगार माझा बुडतो. जय भट्टाचार्य आणि केट बंडॉर्फ यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या नोकरदारांचा अभ्यास करून दाखवले की जिथे मालक आरोग्यविमा देतो तिथे लठ्ठ कामगारांना रोख पगार कमी मिळतो. ज्यांना असा विमा नाही त्यांच्यात ही घट तशी दिसत नाही. थोडक्यात, आमच्या आजारपणाची किंमत आमच्याच पगारातून, आम्हाला न सांगता, आधीच वसूल झालेली असते. विम्याखेरीजही किंमत मोजावी लागतेच. कॉली यांनी २००४ मध्ये दाखवले होते की अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे ३० किलो जास्त वजनामागे वेतन ९ टक्क्यांनी कमी असते. पुरुषांच्या बाबतीत चित्र असे स्पष्ट नव्हते. यावर मी वेगळे भाष्य करत नाही. स्त्री वाचकांना त्याची गरज नाही.

दुसरी तक्रार उपदेशाबद्दल. इंग्लंडमध्ये १९९२ ते २०२० या काळात लठ्ठपणाविरुद्ध १४ धोरणे आखली गेली आणि त्यांत ६८९ उपाय सुचवले गेले, हे डॉली थाइस आणि मार्टिन व्हाइट यांनी मोजून काढले. त्यांतले बहुतेक उपाय माणसाने स्वतः काय करावे यावर बेतलेले होते, आणि कोण, कधी, किती पैशात, कशाने मोजून अंमलबजावणी करणार याची पूर्ण माहिती फक्त ८ टक्के उपायांबरोबर दिलेली होती. सहाशे एकोणनव्वद! कुठल्याही खात्याने एवढे प्रस्ताव अंमलबजावणीच्या रकान्याशिवाय पाठवले असते तर आपण ते परत केले असते. त्याच देशाने टीव्हीवर रात्री नऊपूर्वी आणि इंटरनेटवर अशा खाद्यपदार्थांच्या जाहिरातींना आळा घालायचे २०२० मध्ये ठरवले. आधी जानेवारी २०२३ ही तारीख होती, मग ऑक्टोबर २०२५ झाली, शेवटी जानेवारी २०२६ मध्ये नियम लागू झाला. माझ्या परिचयाच्या मुलांना ‘एकदम सोडून दे’ असे सांगितले जाते. उद्योगाला मात्र सवय सोडायला पाच वर्षे.

कंपन्यांमधल्या ‘वेलनेस’ योजनांचेही तेच. झिरुई साँग आणि कॅथरीन बेकर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या घाऊक विक्रेत्याच्या दुकानांमध्ये चिठ्ठ्या टाकून निवड केल्याप्रमाणे प्रयोग केला. कर्मचाऱ्यांनी ‘मी व्यायाम करतो’ असे सांगण्याचे प्रमाण वाढले, पण वजन, रक्तदाब, साखर, दवाखान्याचा खर्च यांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. अशा योजनांच्या आधारे कुठे विम्याच्या हप्त्यात सूट दिली, कुठे दंड लावला जात असेल तर तो बारीक माणसांना दिलेला बोनस आहे, एवढेच त्याचे खरे वर्णन.

तिसरी तक्रार करांची, आणि इथे थोडे थांबते, कारण हे आपले घरचे मैदान आहे.

कर चालतो. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो लावला, म्हणजे साधारण दहा टक्के. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या वर्षी घट जवळपास १० टक्क्यांपर्यंत गेली, आणि सगळ्यात जास्त घट गरीब घरांमध्ये झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये औंसामागे दीड सेंट लावला. शहरातली विक्री निम्म्याने घसरली. शेजारच्या हद्दीत जाऊन खरेदी करणाऱ्यांना वजा केल्यावरही ३८ टक्के घट उरली. ब्रिटनची कल्पना मला सगळ्यात शहाणी वाटते. त्यांनी कर बाटलीवर लावला नाही, साखरेच्या प्रमाणावर लावला: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर काहीच नाही, ५ ते ८ असेल तर लिटरला १८ पेन्स, त्यावर २४. मार्च २०१६ मध्ये घोषणा, एप्रिल २०१८ मध्ये अंमल. मधल्या दोन वर्षांत उत्पादकांनी आपणहून साखर कमी केली, कारण त्यांना हिशेब कळतो. ग्राहकाला एक शब्दही उपदेश न करता त्याच्या पेल्यातली साखर उतरली. नंतरच्या एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जेवढा अपेक्षित होता त्याहून ८ टक्क्यांनी कमी दिसला, आणि फरक गरीब वस्त्यांमध्ये जास्त होता. मुलग्यांमध्ये तसा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे.

एवढे सगळे उघड असताना आपण काय करता? त्याच ब्रिटनने कराचा दर २०१८ पासून २०२५ पर्यंत तसाच गोठवून ठेवला. महागाईने त्याची धार दर वर्षी बोथट केली. शंभराहून अधिक देश गोड पेयांवर कुठला ना कुठला कर घेतात, पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दाखवून दिले की असा कर घेणाऱ्या निम्म्या देशांत तो पाण्याच्या बाटलीवरही आहे. म्हणजे आरोग्याच्या नावाने आपण साखर आणि पाणी एकाच तागडीत घातले. याला आरोग्यधोरण म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

फसलेले उदाहरणही समोर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर लावला आणि २०१३ उजाडता उजाडता रद्द केला. लोक सीमेपलीकडून खरेदी करू लागले, उद्योगाने ओरड केली, आणि कर मुळात तिजोरी भरण्याच्या एका मोठ्या बदलाचा भाग म्हणून आला होता, त्यामुळे आरोग्याच्या बाजूने त्याला सांभाळणारे कोणी नव्हते. यावरून ‘असे कर चालत नाहीत’ हा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला त्यातून दुसरे दिसते. कर साध्या, नेमक्या गोष्टीवर असावा, आणि त्याचा उद्देश सुरुवातीपासून स्पष्ट असावा.

‘हा कर गरिबांवर पडतो’ हा आक्षेप दर वेळी येतो. पडतो, खरे आहे. मधुमेहही गरिबांवरच पडतो. पाय कापावा लागणे, डोळे जाणे, डायलिसिसच्या रांगेत महिने काढणे हेही गरिबांवरच जास्त पडते. आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याचे उत्तर कर न लावण्यात नाही, कराचे पैसे कुठे जातात यात आहे. फिलाडेल्फियाने ते लहान मुलांच्या बालवर्गांसाठी आणि शहरातल्या बागा-वाचनालयांसाठी लावायचे ठरवले. आपण ते कुठे लावता? बहुतेक देशांच्या अर्थसंकल्पात मला ती ओळ शोधूनही सापडत नाही, आणि माझा ओळी शोधण्याचाच धंदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अन्नसुरक्षा अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या सुमारे २६० कोटी लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. ज्याला चांगले परवडत नाही त्याचे वाईट महाग करायचे आणि चांगले तसेच ठेवायचे, हा अर्धा व्यवहार झाला. अर्धा व्यवहार करून गरिबांचा कळवळा आला म्हणून उरलेला अर्धाही रद्द करायचा, हे आणखी वाईट.

चौथी तक्रार छोटी आहे. साखरेने भरलेल्या वस्तूची मुलांना भुलवणारी जाहिरात जगात बहुतेक ठिकाणी ‘धंद्याचा खर्च’ म्हणून करपात्र नफ्यातून वजा होते. म्हणजे त्या जाहिरातीचा एक हिस्सा तुमचीच तिजोरी, म्हणजे आम्ही, भरतो. चिलीने जून २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले, मुलांच्या पाकिटांवरची कार्टून पात्रे काढायला लावली, आणि इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. हे करायला पैसा लागला नाही, हिंमत लागली. वजावट बंद करायला तर हिंमतही कमी लागेल, आणि उलट पैसा मिळेल.

पाचवी तक्रार बीएमआयबद्दल. वजन भागिले उंचीचा वर्ग, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या आदॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाची. समाजाच्या सरासरीचा अभ्यास करायला ती चांगली होती, आजही आहे. एकेका माणसाच्या तब्येतीचा निकाल लावायला ती कधीच बनवलेली नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकेने ‘जास्त वजन’ ठरवण्याची रेषा सुमारे २७ वरून २५ वर आणली आणि कोट्यवधी माणसे, एक ग्रॅमही न वाढता, रातोरात ‘जास्त वजनाची’ झाली. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्पष्ट सांगितले की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नका. कमरेचा घेर पाहा, अवयवांवर परिणाम झाला आहे का ते पाहा. तरीही पैशाच्या व्यवहारात हाच आकडा चालतो. माझ्या विम्याचा हप्ता सगळे रक्ततपास व्यवस्थित असतानाही या एका भागाकारावरून चढवला गेला. गुडघा दाखवायला गेले तेव्हा गुडघ्याला हात लावण्याआधी वजन कमी करून या असे सांगण्यात आले. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना सहा मिनिटांत रुग्ण संपवायचा असतो, आणि ती सहा मिनिटे कोणी ठरवली हे आपल्याला ठाऊक आहे.

शेवटची तक्रार औषधांची, आणि ती आत्ता सगळ्यात तातडीची आहे. सेमाग्लुटाइड हे औषध जून २०२१ मध्ये अमेरिकेत वजनासाठी मंजूर झाले. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या माणसांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या, हे २०२३ मध्ये सिद्ध झाले. आयुष्यभर ‘इच्छाशक्ती नाही’ असे ऐकत आलेल्या माणसांची भूक एका इंजेक्शनने शांत झाली, यातून इच्छाशक्तीच्या सिद्धान्ताचे काय उरले ते ज्याचे त्याने ठरवावे. पण बाजारात येताना या औषधाची महिन्याची छापील किंमत १,३४९ डॉलर होती. २०२४ मधल्या एका अभ्यासाने, थोडा नफा धरून, ते महिन्याला ०.८९ ते ४.७३ डॉलरमध्ये तयार होऊ शकते असा अंदाज मांडला. कंपनीने संशोधनावर पैसा घातला, जोखीम घेतली, तिला परतावा मिळायलाच हवा. पण या दोन आकड्यांमधल्या अंतरात कुठे थांबायचे हे ठरवायला सरकार नावाचा मोठा ग्राहक असतो, आणि तो ग्राहक अनेक देशांत दुकानात आलेलाच नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला तर २००३ च्या कायद्याने वजनाच्या औषधांचा खर्च देण्याची मनाईच केली, कारण तेव्हा ती ‘सौंदर्याची’ बाब समजली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटातली औषधे, लठ्ठपणासह मधुमेह असलेल्या आणि हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांसाठी, अत्यावश्यक यादीत घातली. आता सौंदर्याचा मुद्दा काढू नका.

इथे एक सावधगिरीही सांगते. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, असे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणजे हा एका वर्षाचा खर्च नाही. आणि औषध आले म्हणून ताटातल्या आणि बाजारातल्या गोष्टींवरून आपली सुटका झाली, असे समजू नका. एका हाताने साखर स्वस्त ठेवायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावरचे इंजेक्शन विकत घ्यायचे, यात दोन्हीकडचे विक्रेते खूश राहतील. तिजोरी आणि आम्ही नाही.

मागण्या साध्या आहेत.

१. लठ्ठपणाच्या खर्चाचा आकडा जेव्हा प्रसिद्ध कराल तेव्हा तो सरकारवर किती, मालकावर किती आणि स्वतः त्या माणसावर किती, असे तीन रकाने द्या. अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा छापा. बचतीचे कारण देणे थांबवा.

२. गोड पेयांवरचा कर साखरेच्या प्रमाणावर लावा, दर महागाईशी बांधा, पाणी वगळा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये २०३५ पर्यंत तंबाखू, मद्य आणि गोड पेयांच्या खऱ्या किमती निदान ५० टक्क्यांनी वाढवण्याचे आवाहन केले आहे. आपला टप्पा कोणत्या वर्षी कुठे असेल ते लिहून द्या. मिळालेले पैसे अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखवा आणि शाळा-अंगणवाड्यांतल्या, दवाखान्यांतल्या जेवणावर आणि गरीब घरांच्या चांगल्या अन्नावर लावा.

३. मुलांना उद्देशून केलेल्या अशा जाहिरातींच्या खर्चाची वजावट बंद करा. पाकिटावरच्या इशाऱ्यांना एकच तारीख द्या. ती पुढे ढकलायची झाल्यास कायदेमंडळात मतदान घ्यावे लागेल, अशी तरतूद करा.

४. औषधे देशांनी मिळून, एकत्र वाटाघाटी करून घ्या. कोणाला द्यायची ते आजाराच्या तीव्रतेवर ठरवा, निव्वळ बीएमआयवर नाही. खर्च निदान पाच वर्षांचा धरा.

५. करातून मदत मिळणाऱ्या कोणत्याही विम्यात फक्त बीएमआयवरून हप्ता चढवण्यास मनाई करा. नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यात वजनाचा उल्लेख करा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने तो १९७६ मध्येच केला, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये. मिशिगनमधले उद्योग त्यामुळे बुडाले नाहीत.

या पाचांपैकी काही मागण्या अमान्य कराल, हे मी धरून चालते. अमान्य करताना कारण आकड्यांसह लेखी द्या आणि ते पुढच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांबरोबर जोडा. मी ते तळटीपांसकट वाचेन.

आपली,
एक लेखापरीक्षक आणि करदाती